बेटावरचे गोडे पाणी आणि ते टिकवणारा मिस्त्री

समुद्राने वेढलेल्या बेटावर पिण्याच्या पाण्यासाठी देणगी का मागावी लागते, हा प्रश्न समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत राहणाऱ्या नागपूरकरांना पडला तर त्यात नवल नाही. जानेवारी २०२४ मध्ये लक्षद्वीपमधील कदमत बेटावर समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले आणि दररोज दीड लाख लिटर हा त्याचा आकडा सगळीकडे वाचायला मिळाला. त्याआधी मे २०२३ मध्ये पापुआ न्यू गिनीतील पोर्ट मोर्स्बी येथील परिषदेत भारताने पॅसिफिक महासागरातील बेट-राष्ट्रांना अशी यंत्रे देण्याचे जाहीर केले होते. सरकारी मदतीच्या जोडीने धर्मादाय संस्था आणि कंपन्याही बेटांवर टाक्या, गाळण्या आणि यंत्रे पोहोचवतात, आणि त्यांतील अनेक संस्था तेथे विद्युतकाम, नळकाम, बोटींच्या इंजिनांची दुरुस्ती असे अभ्यासक्रमही चालवतात. प्रस्तावात पाणी एका पानावर असते आणि प्रशिक्षण दुसऱ्या पानावर. देणगीदार सहसा पहिले पान निवडतो. माझ्या मते ही दोन पाने वेगळी करण्यातच गफलत आहे. ती कशी, हे समजण्यासाठी आधी बेटाच्या जमिनीखाली काय असते ते पाहावे लागेल.

बेटाच्या पोटात पाणी येते कोठून?

लक्षद्वीप किंवा मालदीवसारख्या प्रवाळबेटांवर नदी नसते. पडलेला पाऊस सच्छिद्र वाळूतून आणि चुनखडीतून सरळ खाली उतरतो, आणि खाली समुद्राचे पाणी आधीच मुरलेले असते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्यामुळे ते त्यात लगेच मिसळून न जाता त्यावर थर धरते. हा थर मध्यभागी जाड आणि किनाऱ्याकडे पातळ होत गेलेला असतो, म्हणून भूजलशास्त्रात त्याला ‘गोड्या पाण्याचे भिंग’ म्हणतात. दुधावरची साय हलक्या हाताने काढली तर साय मिळते आणि चमचा खोल घातला की दूध वर येते, तसाच या थराचा व्यवहार आहे.

यामागचे गणित डच अभियंता घायबेन आणि जर्मन अभियंता हर्झबर्ग यांनी एकोणिसावे शतक संपता संपता आणि विसावे सुरू होताना स्वतंत्रपणे मांडले. गोड्या पाण्याचा लिटर १ किलो भरतो आणि समुद्राच्या पाण्याचा सुमारे १ किलो २५ ग्रॅम. या किंचित फरकामुळे समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी १ मीटर साठले, तर खाली ते सिद्धान्ततः ४० मीटरपर्यंत खाऱ्या पाण्याला दाबून धरते. आता हेच उलट वाचावे. उपसा करून वरची पातळी वीतभर उतरवली, तर खालचे खारे पाणी कालांतराने कित्येक मीटर वर सरकू शकते. लहान बेटांवर भरती-ओहोटीच्या हेलकाव्यांनी दोन्ही पाणी थोडेबहुत मिसळत राहते, त्यामुळे प्रत्यक्षात हा थर गणितापेक्षा बराच पातळ, अनेक ठिकाणी केवळ काही मीटरचा असतो. अशा बेटांवरील विहिरींची पातळी भरतीबरोबर चढते आणि ओहोटीबरोबर उतरते.

विहीर आटत नाही, खारी होते

आपल्याकडे बोअर आटली की आणखी शंभर फूट खाली जाण्याचा सल्ला मिळतो. बेटावर हा सल्ला घातक ठरतो, कारण खोल जाणे म्हणजे खाऱ्या पाण्याकडे जाणे. तेथील जुन्या विहिरी उथळ आणि रुंद असतात आणि त्यांतून पोहऱ्याने पाणी काढले जाई, तोवर ही व्यवस्था टिकून होती. घरोघरी विजेचे पंप आले तसे विहिरींचे पाणी आधी मचूळ आणि मग खारट होऊ लागले. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे, असे भारतीय मानक सांगते. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतले जाते. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३५,००० असते. त्यामुळे विहिरीत शंभरात पाच भाग समुद्राचे पाणी मिसळले, तरी ती विहीर पिण्यासाठी बाद होते.

दुसरे संकट वरून येते. २०११ च्या जनगणनेनुसार लक्षद्वीपची लोकसंख्या ६४ हजारांच्या वर आणि क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे दर चौरस किलोमीटरला २,००० हून अधिक माणसे. एवढ्या दाटीत एका घराचा शौचखड्डा दुसऱ्या घराच्या विहिरीपासून फार लांब असूच शकत नाही, आणि सच्छिद्र वाळू मैला गाळण्याचे काम नीट करत नाही. तिसरे संकट समुद्राच्या उधाणाचे. डिसेंबर २००४ च्या सुनामीत मालदीवच्या अनेक बेटांवरील भूजल खारावले. मे २००९ मध्ये आयला चक्रीवादळाने सुंदरबनातील बांध फोडले, तेव्हा शेते आणि तळी खाऱ्या पाण्याखाली गेली आणि कामासाठी घराबाहेर पडणाऱ्यांची रांग लागली. सुंदरबनाची बेटे प्रवाळाची नसून गाळाची आहेत. तेथे वरचे थर खारे असतात आणि गोडे पाणी शेकडो फूट खोल कूपनलिकेतून आणावे लागते. भूगोल वेगळा असला तरी अडचणीचे मूळ एकच आहे: पर्यायी स्रोत जवळपास कोठेच नसतो.

पावसाची टाकी आणि यंत्र

सर्वांत साधा उपाय छपरावरचे पाणी साठवण्याचा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. ४० चौरस मीटरच्या पत्र्याच्या छपरावर वर्षाला १,६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी ५० हजार लिटरहून अधिक पाणी हाती येते. पाच माणसांच्या घराला पिण्या-रांधण्यासाठी माणशी ५ लिटर, म्हणजे दिवसाला २५ लिटर लागतात. कोरड्या पाच महिन्यांचा हिशेब ३,७५० लिटर होतो. म्हणजे ५,००० लिटरच्या टाकीत घराचे भागू शकते. अट एवढीच, की पन्हळ गळकी नसावी, पहिल्या सरीचे मळके पाणी टाकीत न जाता बाहेर सोडले जावे, झाकण डास जाणार नाही इतके घट्ट बसावे आणि वर्षातून एकदा टाकी खरवडून धुतली जावी. या चारही गोष्टी कोणाला तरी शिकवाव्या लागतात आणि कोणी तरी कराव्या लागतात. पाऊसच दगा देतो तेव्हा मात्र टाक्या रिकाम्या राहतात. पॅसिफिकमधील तुवालू या देशाला २०११ मध्ये दुष्काळामुळे आणीबाणी जाहीर करावी लागली आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडने तेथे क्षार काढणारी यंत्रे पोहोचवली.

यंत्रांचे प्रमुख प्रकार दोन. पहिला आरओ, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलाच, पण समुद्राच्या पाण्यासाठी कित्येक पटींनी अधिक दाब देणारा. पाणी अतिसूक्ष्म पडद्यातून जोराने दाबले जाते, क्षार मागे राहतात. मोठ्या प्रकल्पात हजार लिटरमागे साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते आणि लहान यंत्रात त्याहून जास्त. बेटावर ती वीज अनेकदा डिझेलवर तयार होते. दुसरा प्रकार चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर उभारला, रोज १ लाख लिटर क्षमतेचा. समुद्राच्या पृष्ठभागावरचे पाणी कोमट असते आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरचे बरेच थंड. निर्वात केलेल्या भांड्यात कोमट पाण्याची वाफ होते, खोलातून आणलेल्या थंड पाण्याने ती निवते आणि गोडे पाणी मिळते. यात पडदा नसतो, ही मोठी सोय. परंतु किनाऱ्याजवळच समुद्र खोल असावा लागतो आणि समुद्रात सोडलेली लांब नळी सांभाळावी लागते. हा आवाका सरकारचाच आहे. धर्मादाय संस्थेने त्याच्या वाटेला जाऊ नये.

यंत्र बंद का पडते?

आरओ यंत्रात पाणी पडद्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी एका साध्या गाळणीतून जाते. गाळणीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दाब दाखवणारे दोन काटे असतात. गाळणी वाळू-शेवाळाने चोंदू लागली की दोन काट्यांमधला फरक वाढतो, आणि ठरावीक फरक झाला की गाळणी बदलायची असते. ज्याला हे शिकवलेले नाही त्याला फक्त नळाची धार बारीक झालेली दिसते. गावकरी हंडे घेऊन उभे असतात, नवी गाळणी मुख्य भूमीवरून यायची असते, आणि मग कोणीतरी जुनी गाळणी काढून यंत्र तसेच चालू करतो. धार मोठी होते, लोक खूश होतात, आणि थोड्याच काळात वाळू पंपात व पडद्यात जाऊन बसते. काही शे रुपयांची गाळणी वाचवण्यात हजारोंचा पडदा जातो. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे जंतू मारायचे म्हणून यंत्रात जाणाऱ्या पाण्यात क्लोरीन टाकणे. नेहमीच्या वापरातला पडदा क्लोरीनने खराब होतो. क्लोरीन यंत्रातून बाहेर पडलेल्या पाण्यात टाकायचा असतो. हेतू चांगला, ज्ञान अर्धे आणि नुकसान पूर्ण.

त्यात खारी हवा भर घालते. नटबोल्ट, विजेच्या जोडण्या, जस्ताचा मुलामा दिलेले पाइप हे सारे बेटावर फार लवकर गंजते. नागपुरात पंप बिघडला तर हिंगण्याहून मिस्त्री दुपारपर्यंत येतो आणि सुटा भाग शहरातच मिळतो. बेटावर भाग जहाजाने येतो, आणि लक्षद्वीपसारख्या ठिकाणी ऐन पावसाळ्यात लहान मालवाहू नौकांची ये-जाच थांबते. मोठे शहरही याला अपवाद नाही. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी माले येथे क्षारनिर्मूलन प्रकल्पात आग लागली आणि लाखाहून अधिक लोकांचे नळ एकदम बंद पडले. भारताने ‘ऑपरेशन नीर’ राबवून विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोहोचवले. राजधानीसाठी विमाने उडतात. दोनशे घरांच्या बेटावरचे यंत्र बंद पडले, तर बातमीसुद्धा होत नाही.

म्हणून व्यवसाय शिक्षण

येथे प्रस्तावाचे दुसरे पान पहिल्याला येऊन मिळते. बेटावर मिस्त्री असणे हा पाणीयोजनेचाच भाग आहे. त्याला वेगळे परोपकारी कार्य समजले की यंत्र एका दात्याकडून येते, शिवणयंत्रे दुसऱ्याकडून, आणि पंपाचा वॉशर बदलणारा कोणीच नसतो.

याचा पुरावा महाराष्ट्रातच सापडतो. गावोगावी दिसणारा ‘इंडिया मार्क टू’ हातपंप आकाशातून पडलेला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशभर ओतीव लोखंडाचे हातपंप बसवले गेले. ते घरगुती वापरासाठी घडवलेले होते आणि अख्ख्या गावाच्या वापरात भराभर मोडत होते. जालना आणि सोलापूर भागात मिशनऱ्यांच्या साहाय्याने चालणाऱ्या विहीर-खोदाईच्या कामांतून अधिक दणकट पंप तयार झाला आणि १९७० च्या दशकात युनिसेफच्या सहकार्याने त्याचे प्रमाण रूप ठरले. त्यातही एक उणीव राहिली: आतला दट्ट्या बदलायचा तर सगळे पाइप वर ओढावे लागत आणि त्यासाठी गाडी, तिवई व माणसांचे पथक लागे. पुढच्या ‘मार्क थ्री’मध्ये पाइप रुंद केला गेला, जेणेकरून पाइप न काढता दट्ट्या वर घेता येईल आणि गावातला प्रशिक्षित माणूस थोड्या अवजारांनिशी दुरुस्ती करू शकेल. दुरुस्त करणारा कोण आहे, हे पाहून यंत्र घडवले गेले. बेटांवरच्या देणग्यांत नेमका हाच विचार दुर्मीळ आहे.

अभ्यासक्रम कोणते असावेत, हेही यातूनच ठरते. नुसत्या पाण्याच्या यंत्रावर वर्षभर पुरेल एवढे काम एका माणसाला मिळत नाही. मात्र ज्याला पंप येतो त्याला बोटीचे इंजिन, बर्फाचे यंत्र, सौरपट्ट्या आणि घरातली वायरिंग यांतली निदान एक-दोन कामे आली, तर बेटावरच त्याची रोजी सुटते आणि पाण्याचे यंत्रही त्याच्या नजरेखाली राहते. मासेमारी हा जेथे मुख्य धंदा आहे तेथे इंजिन आणि बर्फ यांच्या दुरुस्तीला गिऱ्हाईक कायम असते. आपल्या श्रद्धानंदपेठेतील आयटीआयप्रमाणे फिटर, वायरमन, प्लंबर असे व्यवसाय सुटेसुटे शिकवणे मोठ्या शहरात योग्य आहे. छोट्या बेटाला मात्र थोडे-थोडे सर्व येणारा एकच माणूस हवा असतो. प्रमाणपत्राच्या चौकटीत हे नीट बसत नाही, ही अडचण खरी आहे आणि संस्थांनी ती मान्य करून अभ्यासक्रम आखायला हवेत.

‘शिकलेला मुलगा बेट सोडून जाईल’

हा आक्षेप रास्त आहे, कारण पुष्कळदा तसेच घडते. कोची, कोलकाता किंवा आखाती देशांत मिळणारी मजुरी बेट देऊ शकत नाही. राजस्थानातील तिलोनिया येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या बेअरफूट कॉलेजने यावर काढलेली तोड प्रसिद्ध आहे: गावातच ज्यांची मुळे आहेत अशा प्रौढ स्त्रिया, आज्यासुद्धा, प्रशिक्षणासाठी निवडायच्या. भारत सरकारच्या, परदेशी प्रशिक्षणार्थींसाठी असलेल्या आयटेक योजनेतून फिजीसह पॅसिफिक बेटांवरील स्त्रियाही सहा महिने तिलोनियात राहून सौरदिव्यांची जोडणी व दुरुस्ती शिकून गेल्या. शिकवणाऱ्याची आणि शिकणाऱ्यांची भाषा एक नव्हती, अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. रंगांच्या खुणा, हातवारे आणि पुन्हा पुन्हा करून पाहणे यांवर हे शिक्षण चालले.

तरीही मला वाटते, केवळ निवडीने प्रश्न सुटत नाही. राहणाऱ्याला मानधन मिळालेच पाहिजे. गावाने घरटी वर्गणी काढून किंवा दात्याने काही वर्षे रक्कम राखून ते द्यावे, पण ‘सेवा म्हणून’ फुकट यंत्र सांभाळण्याची अपेक्षा कोणाकडूनही, विशेषतः स्त्रियांकडून, ठेवू नये. शिवाय एकाला शिकवणे म्हणजे कोणालाच न शिकवण्यासारखे आहे. दोघे-तिघे तयार असले की एक गेला तरी यंत्र चालते, आणि जो गेला त्याच्या हातात कसब असतेच. तेवढ्यापुरती ती देणगी वाया गेली असे मी म्हणणार नाही.

‘हे सरकारचे काम नाही का?’

आहे, आणि सरकार ते करतेही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट आहे, गावातील निदान पाच महिलांना पाणी-तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण द्यायचे आहे, आणि ‘नल जल मित्र’ या नावाने स्थानिक दुरुस्तीगार घडवण्याचा कार्यक्रमही आहे. धर्मादाय पैशाने सरकारची जागा घेण्याचा प्रयत्न केला तर दोन्ही बाजू अर्धवट राहतात. जेथे सरकारी निकष पोहोचत नाहीत तेथे त्याची खरी उपयुक्तता आहे: प्रशिक्षणार्थीचा जहाजाचा खर्च, सुट्या भागांचा बेटावरच साठा, मिस्त्रीचे सुरुवातीचे मानधन. या गोष्टींवर नावाची पाटी लावता येत नाही, म्हणून त्यांना दाता मिळत नाही.

सरकारी देखरेख आणि तपासणी यांना बगल देऊन घाईने केलेल्या उपकाराचे काय होते, ते बांगलादेशात दिसले. १९७० च्या दशकापासून तेथे दूषित तळ्यांऐवजी कूपनलिकांचे पाणी द्यावे म्हणून आंतरराष्ट्रीय मदतीतून मोठी मोहीम चालली. अतिसाराने होणारे मृत्यू टाळणे हा हेतू निर्विवाद चांगला होता. पण त्या पाण्यात आर्सेनिक आहे का, हे कोणी तपासले नव्हते. १९९३ मध्ये ते आढळले, आणि पुढे लाखो कूपनलिका तपासून धोक्याच्या नळांना लाल आणि सुरक्षित नळांना हिरवा रंग द्यावा लागला. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड आणि तरीही विषारी असू शकते. तेव्हा पाणीप्रकल्पाला देणगी देणाऱ्याने तपासणीच्या खर्चावर कात्री चालवू नये.

कायदा आणि हिशेब

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, हाच सीएसआर. सुरक्षित पेयजल आणि व्यवसाय कौशल्ये या दोन्ही बाबी त्याच्या यादीत आहेत. नागपुरात मुख्यालय असलेल्या वेकोलि (कोळसा) आणि मॉयल (मँगनीज) या सरकारी खाणकंपन्यांनाही हा नियम लागू होतो. मात्र कायदा स्थानिक क्षेत्राला प्राधान्य देण्यास सांगतो, त्यामुळे बेटांकडे जाणारा ओघ प्रामुख्याने देशव्यापी कंपन्यांचा असतो. अनेक वर्षे चालणारा सीएसआर प्रकल्प सुरुवातीचे वर्ष सोडून कमाल तीन वर्षांचा धरला जातो. यंत्राचे पडदे आणि पंप यांची मोठी दुरुस्ती नेमकी तेव्हाच निघते, आणि तोवर देणारी कंपनी नियमानेच बाहेर पडलेली असते. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांना त्यासंबंधीच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि ती देणगी दुसऱ्या लहान संस्थेकडे वळवता येत नाही. बेटावरच्या छोट्या संस्थेला याचा फटका बसतो, कारण तिला थेट परदेशी दाता मिळणे कठीण असते.

‘आमचा प्रशासकीय खर्च फक्त ५ टक्के’ असे अभिमानाने छापणाऱ्या संस्थेकडे म्हणूनच जरा सावधपणे पाहावे. बेटावर ये-जा, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवणे, देखरेखीसाठी माणूस ठेवणे हे सगळे महाग असते, आणि ते टाळूनच आकडा खाली आणता येतो.

‘आपल्या विदर्भातच पाण्याची ओरड आहे’

ही तक्रार मी हलक्यात घेत नाही. विदर्भातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक आहे. तुरटी आणि चुना वापरून ते काढण्याची स्वस्त ‘नलगोंडा’ पद्धत नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने विकसित केली. पद्धत स्वस्त असली तरी ती रोज मापाने तुरटी-चुना घालणारा आणि तळाचा गाळ काढणारा माणूस मागते. तो नसेल तेथे उपकरण पडून राहते. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडचा संपर्क पर्लकोटा नदीच्या पुराने दर पावसाळ्यात तुटतो आणि तेवढे दिवस ते गावही बेटच असते: सुटा भाग येत नाही आणि मिस्त्री पलीकडच्या तीरावर अडकतो. देणगी भामरागडला द्यावी की लक्षद्वीपमधील मिनिकॉयला, हे ज्याचे त्याने ठरवावे. मागायचे कागद दोन्हीकडे तेच आहेत. पावती घेताना करसवलतीचा नोंदणी क्रमांक आपण न चुकता तपासतो. त्याच वेळी संस्थेकडे मागच्या यंत्राची नोंदवही मागावी: ते वर्षभरात किती दिवस बंद होते, कोणी दुरुस्त केले, त्याला किती पैसे मिळाले आणि शेवटचा पाणीनमुना कोणत्या तारखेला तपासला. ही वही ज्या संस्थेकडे असते ती सहसा लगेच दाखवते, आणि तिच्याकडे त्या मिस्त्रीचा फोन नंबरही असतो.